थंडोबाचा घाम

इस्त्रीमावशीला घाणीची शिसारी कधी आली नव्हती. उभा जन्म तिचा दुसऱ्यांच्या कपड्यांत गेला. कॉलरची काळी रेघ, काखेतले पिवळे डाग, खिशात भिजलेला तंबाखू, आजाऱ्याच्या चादरी, दारुड्याची पँट, काहीही समोर आले तरी तिने नाक मुरडले नाही. मळ माणसाचाच असतो आणि धुतला की जातो, एवढे तिचे साधे म्हणणे. पण एका न मळणाऱ्या माणसासाठी मळ तयार करून द्यायची पाळी आली, तेव्हा मात्र तिला ती आली.

हा न मळणारा माणूस म्हणजे एक मोठा गायक. मोठा म्हणजे किती, तर पोरीबाळी त्याच्या नावाने किंचाळत आणि चांगली पोक्त माणसे त्याच्याबरोबर फोटो काढायला पोट आत ओढून उभी राहत. पडद्यामागची मंडळी त्याला थंडोबा म्हणत, कारण त्याला घाम येत नसे. देवाने दिला होता, यानेच घालवला होता. रेशमी शर्टाच्या काखा ओल्या दिसू नयेत म्हणून याने डॉक्टरकडून काखेत सुया टोचून घेतल्या होत्या, आणि स्टेजवर त्याच्या पायाशी गार हवेचा झोत सोडणारे यंत्र लपवलेले असे. दोन तास नाचून आला तरी त्याचा शर्ट मावशीच्या हातात पडायचा तो ठणठणीत कोरडा, क्रीम आणि अत्तराचा वास मारणारा. त्याच्या मागे ड्रम बडवणाऱ्याचा शर्ट पिळला तर बादलीत धार लागे.

थंडोबाचा आधीचा अल्बम सपशेल पडला होता. एसीत बसून गायलेली गाणी, असे लोक म्हणाले. ते त्याच्या मनाला लागले, किंवा त्याच्या मॅनेजरच्या मनाला लागले असेल, आणि नवा अल्बम निघाला. नाव ‘खारट’. सगळी गाणी कष्टाची. बापाचे फाटके हात, कारखान्याचा भोंगा, कपाळावरचे मीठ. थंडोबाच्या बापाचे दागिन्यांचे दुकान होते आणि हात लोण्यासारखे मऊ होते, पण गाण्याला पुरावा कोण मागतो? अल्बम खपवायला दौरा निघाला. शहरोशहरी पोस्टर लागले, त्यावर थंडोबा कपाळाचा घाम पुसतो आहे. तो घाम मेकअपवाल्याने बाटलीतून फवारला होता.

मावशी या दौऱ्यात कपड्यांच्या कामावर होती. प्रत्येक ठिकाणी तिला स्टेजमागची, बहुतेक जिन्याखालची, बिनखिडकीची एखादी खोली मिळे. तिथे धुण्याचे यंत्र, वाळवण्याचे यंत्र, वाफेची इस्त्री आणि कपडे टांगायच्या दांड्या लावून झाल्या की मावशीला स्वतःला उभे राहायला दोन फरश्यांची जागा उरे. त्यात ती दिवसभर वाफेत उभी. गुडघे बोलू लागले होते. दौऱ्यावर निघताना तिने आपली भाड्याची खोली सोडून दिली होती, कारण हा दौरा झाला की काम बंद आणि लेकीकडे राहायला जायचे, असे तिने मनाशी धरले होते. दुसरे काही तिला नको होते. लेकीकडे आतली खोली रिकामी होती. जावई भला माणूस, तो “कधीही या” म्हणाला होता. अडत होते ते लेकीच्या नाकाशी.

लहानपणी ही लेक मावशीच्या काखेत तोंड खुपसून झोपायची, तशी झोपल्याशिवाय तिला झोप येत नसे. मग शाळेत कुणीतरी म्हणाले, “तुझ्या आईला वास येतो गं,” आणि पोर जी कुशीतून उठली ती उठलीच. आता ती दातांच्या दवाखान्यात काचेच्या टेबलामागे गार हवेत बसते. घरात कोपऱ्याकोपऱ्यात सुगंधाच्या डब्या ठेवते. मावशी भेटायला गेली की आधी सोफ्यावर जुनी चादर पडते, मग मावशीला बसायला मिळते. कडाक्याच्या थंडीतही खिडकी उघडली जाते. “कशी आहेस” नंतर, “आंघोळ करून निघालीस ना” आधी. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, इथे मावशीचे मीठ जास्त होत होते. राहायला येण्याचे विचारले की लेक म्हणे, “दौरा तर संपू दे, मग ठरवू.” आणि अशी ही नाजूक नाकाची बाई थंडोबावर जीव टाकायची. त्याचे गाणे लागले की चहाचा कप हातात तसाच निवून जाई.

आता टॉवेलचे. ‘खारट’ गाण्याच्या शेवटी थंडोबा पांढऱ्या टॉवेलने कपाळ, मान, गळा पुसायचा आणि टॉवेल गर्दीत भिरकवायचा. पहिल्याच कार्यक्रमात त्या एका टॉवेलसाठी दोन बायांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. मॅनेजरने ते पाहिले. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती, याला कल्पना सुचली. पुढच्या शहरापासून सगळ्यात महागड्या तिकिटावर प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेला टॉवेल मिळू लागला. पाकिटावर छापलेले, ‘त्याचा घाम. फक्त तुमच्यासाठी.’

“एवढा घाम आणायचा कुठून?” मावशीने विचारले होते.

मॅनेजरने तिच्यापुढे मिठाची पिशवी ठेवली. “तुम्ही आहात ना!”

मग बादलीत कोमट पाणी, मूठभर मीठ, दोन थेंब अत्तर. स्वच्छ धुतलेले टॉवेल त्यात बुडवायचे, पिळायचे, अर्धवट वाळवायचे आणि चुरगळून पाकिटात कोंबायचे. जन्मभर मळके ते पांढरे केलेल्या हातांनी पांढरे ते मळवायचे. मावशीला हे मुळीच आवडले नाही. पण लोकही काही दुधखुळे नव्हते. तक्रारी येऊ लागल्या. घामाला वासच नाही, अत्तर मारलंय, मोठं घर पोकळ वासा.

अशात ती चूक झाली. त्या दिवशी खोलीतला पंखा बंद पडला होता आणि मावशी नुसती निथळत होती. कामाच्या तंद्रीत तिने हाताला लागला तो टॉवेल उचलला, तोंड पुसले, मान पुसली, हात वर करून काखा पुसल्या आणि टॉवेल खांद्यावर टाकला. इस्त्री करणारा कुठलाही माणूस हेच करतो. संध्याकाळी घाईघाईत खांद्यावरचा तो टॉवेलही बाकीच्यांबरोबर पाकिटात गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर हातातला फोन नाचवत खोलीत शिरला. फोनवर एक मुलगी टॉवेलमध्ये तोंड दाबून हुंदके देत होती. “हा खरा आहे! सगळ्यांचे खोटे, माझा खरा आहे!”

“मावशी, हा कसा बनवलात?”

मावशीला वाटले, आता गेली नोकरी. “साहेब, चुकून गेला हो. माझा होता तो. मी तोंड पुसलं होतं त्याला.”

मॅनेजरने फोन खिशात टाकला. नाक जरासे पुढे करून त्याने खोलीतली हवा हुंगली. मग म्हणाला, “चूक कसली त्यात? सगळे असेच करा.”

पंखा दुरुस्त झालाच नाही. पुढच्या ठिकाणी पंख्याची खोली मिळाली, तर मॅनेजर स्वतः येऊन त्याची वायर काढून घेऊन गेला. मग निरोप आला, दौरा संपेपर्यंत मावशींनी साबण जरा कमीच लावावा. मावशी गळ्यात दोन, कमरेला दोन टॉवेल गुंडाळून इस्त्री करू लागली. एक भिजला की काढायचा, दुसरा बांधायचा. लाइटवाला दारातून डोकावून म्हणे, “मावशी, अल्बमवर फोटो तुमचा पाहिजे होता!”

खोटे कशाला सांगा, पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. ज्या वासापायी पोटची पोर चार हात लांब बसते, त्याच्यासाठी लोक रांगा लावून उभे राहत होते. एकदा तर खुद्द थंडोबा बटण तुटले म्हणून तिच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच नाकाला रुमाल लावून उभा राहिला. “शी, कसला वास मारतोय इथे?”

“तुमचाच आहे, साहेब,” मावशी म्हणाली.

तो काही समजला नाही. बटण न लावताच निघून गेला. त्या रात्री सगळे सामानवाले पोट धरून हसले.

हसणे फार दिवस टिकले नाही. एका संध्याकाळी मावशी चहा आणायला मागच्या फाटकाबाहेर गेली होती. तिथे भिंतीला टेकून एक गृहस्थ उभे होते. केस पिकलेले, टाय लावलेला, बूट चकचकीत. एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक शोभले असते. त्यांनी पाकीट फाडून टॉवेल बाहेर काढला होता आणि त्याचे टोक तोंडात धरून ते डोळे मिटून चोखत होते. चुकचुक आवाज येत होता. माझ्या काखेचा आहे रे तो, मेल्या, असे मावशीच्या अगदी ओठांवर आले. ती उलट्या पावली आत पळाली आणि मिठाच्या त्याच बादलीत ओकली.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. थंडोबाच्या कोरड्या शर्टाची किळस येई, ‘खारट’च्या सुरांची येई, मॅनेजरच्या हुंगणाऱ्या नाकाची तर येईच येई. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या अंगाची. घामाची तिला लाज वाटायची, ती लेकीने वाटायला लावली होती; पण किळस कधी आली नव्हती. घाम कामाबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर वाळून जातो, तो काय कुणाला द्यायची वस्तू आहे? इथे तो तिच्या अंगावरून टिपून पाकिटात भरला जात होता आणि परक्या माणसांच्या तोंडात जात होता. काम सोडावे असे तिच्या मनात शंभरदा आले. पण अर्ध्या दौऱ्यातून पिशवी घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली असती, तर लेकीने पहिला प्रश्न हाच केला असता की तिथूनही वासापायीच काढलं का तुला. म्हणून ती दात-ओठ खात इस्त्री फिरवत राहिली.

शेवटचा कार्यक्रम तिच्याच शहरात होता. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. आवाजात इतका आनंद मावशीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “आई, यांनी मला सगळ्यात पुढचं तिकीट आणलं! टॉवेल मिळणार मला!”

मावशीच्या हातातली इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर तशीच राहिली. “तू गाणी ऐक, पुढे बस, काय हवं ते कर. तो टॉवेल तेवढा घेऊ नकोस.”

“का?”

“अगं, कुणाचा घाम, कुणाचं काय. रोग असतात.”

“कुणाचा म्हणजे? त्याचा! तुला ना, माझा आनंद कधी बघवतच नाही.” फोन बंद झाला.

शर्टाला भोक पडले होते. मावशीने त्या शर्टाकडे बघितलेही नाही. खरे सांगावे, तर लेक तिला जन्मात दारात उभी करणार नाही. न सांगावे, तर लेक... पुढचे तिच्याने मनातही आणवेना. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली, त्याला ती कधी काळी इतकी अक्षरशः खरी होईल असे वाटले नसेल. त्या दिवशी तिने सगळेच्या सगळे टॉवेल मिठाच्या पाण्यात बुडवून काढले, आपल्या अंगाला एकही लावला नाही. मॅनेजरने एक पाकीट उघडून हुंगले आणि सगळा ढीग परत आणून तिच्यापुढे टाकला. “शेवटचा कार्यक्रम आहे, मावशी. माझं नाक कापू नका.” दार बंद करून त्याने वाळवण्याचे यंत्र रिकामेच चालू करून ठेवले. मावशी त्या भट्टीत उभी राहून रडली, आणि टॉवेल तेही टिपत गेले.

दौरा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने वासाचा साबण आणला आणि मुक्कामाच्या न्हाणीघरात तीन वेळा अंग घासले. कातडी लाल होईपर्यंत. केस धुतले, नखे कापली, घडी न मोडलेले कपडे अंगावर चढवले. चालत गेले तर घाम येईल म्हणून पिशवी घेऊन टॅक्सीत बसली. मनात एकच होते, लेकीला टॉवेल मिळाला नसावा.

टॉवेल मिळाला होता. दार उघडले तेव्हा लेक इतकी हरखलेली होती की सोफ्यावर चादर टाकायचेही विसरली. सोफ्यावर शेजारीण बसली होती आणि तिच्या मांडीवर तो पांढरा टॉवेल.

“आई, ये, ये! तूसुद्धा हुंग!”

“मला नको,” मावशी म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकली.

शेजारणीने टॉवेल नाकाला लावला आणि डोळे मिटले. “पुरुषाचा घाम म्हणजे असा असतो बघा. नाहीतर आमच्या ह्यांचा, नुसता कुबट!”

जावयानेही हुंगला. जरा विचार करून तो म्हणाला, “मला तर इस्त्रीच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतंय.”

“तुम्हाला काही कळतं का?” लेकीने टॉवेल ओढून घेतला आणि त्यात तोंड लपवले. आतून तिचा आवाज आला. “रात्रभर उशीवर घेऊन झोपले होते. इतकी गाढ झोप मला कधी लागल्याचं आठवतच नाही.”

मावशी ऐकत होती. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या गृहस्थांपुढे गिळले होते, मॅनेजरपुढे गिळले होते, इथे मात्र तिला ते गिळता येईना.

“तो माझा आहे,” ती म्हणाली.

“काय तुझा?”

“तो घाम. माझा आहे. त्याला घाम येत नाही, सुया घेतल्यात त्याने. सगळे टॉवेल मीच पुसून देत होते. तोंडाला, मानेला, काखेला.”

शेजारणीने हात हळूच सोफ्याला पुसले. जावयाच्या हातातला कप तिथेच थांबला. लेक आधी हसली. मग तिचे हसू गेले. ती उठली आणि सरळ मावशीपाशी आली, वाकली, आणि दूध नासले की काय ते बघावे तसे तिने आईच्या मानेला नाक लावले. मग कानामागे. मग काखेशी.

मावशी श्वास रोखून बसली होती. लेकीचे केस तिच्या गालाला लागत होते. एवढी जवळ ती किती वर्षांनी आली होती! मावशीचे हात आपसूक वर झाले, तिला धरण्यासाठी.

तेवढ्यात लेक मागे सरली. तिने मोठा सुस्कारा सोडला.

“साबण! नुसता साबणाचा वास येतोय तुला. बघितलंत ना? ही काहीही बोलते.”

“अगं, आज तीनदा आंघोळ केलीये मी, म्हणून...”

“बरं, बरं.” लेकीचा जीव भांड्यात पडला होता. कुणाला ओझे उतरल्यावर येते तशी माया तिच्या बोलण्यात आली. “आई, खरं सांगू? आज तुला जरासुद्धा वास येत नाहीये. अशीच राहणार असशील, तर राहा की खुशाल. आतली खोली तुझीच आहे. मी कधी नाही म्हटलंय?”

इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते असे सहज पुढ्यात पडले. मावशीला ते घ्यावेसे वाटेना. पण डोक्यावर छप्पर नाही, गुडघे चालत नाहीत, आणि काही झाले तरी पोटची पोर आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. एवढे पचवले, हेही पचेल, असे म्हणून तिने आत न्यायला पिशवी उचलली. या गडबडीत टॉवेल सोफ्यावरून खाली पडला होता. खाली पडलेला मळका टॉवेल दिसला आणि मावशी धुवायला टाकावा म्हणून सवयीने वाकली.

“आई! हात नको लावूस!” लेक किंचाळली. तिने झडप घालून टॉवेल उचलला आणि छातीशी धरला. “तुझा वास लागेल त्याला!”

जावयाने मान खाली घातली.

मावशीने पिशवी आत नेली नाही. ती दाराकडे वळली, चपला पायात सरकवल्या. घरातून निघताना बाईमाणसाने “येते” म्हणायचे असते. मावशी “जाते” म्हणाली आणि जिना उतरू लागली.